स्वयंपाक्याला ताकीद

"ते बघ, डाव्या टोकाला. ताट घेऊन उभे आहेत ते," भिंगारदिवे सर म्हणाले.

मी स्टुलावर चढून बघितलं. भिंतीवरच्या त्या फोटोत सात इंग्रज होते. चौघे खुर्च्यांवर, तिघे मागे उभे. सगळ्यांच्या अंगात पांढरे झगे, झग्यांवर लाल क्रूस, कमरेला तलवारी आणि चेहऱ्यावर घामोळं उठल्याचा भाव. फोटोच्या अगदी कडेला, जिथे फोटोग्राफरचं लक्ष संपलेलं दिसत होतं तिथे, एक फेटेवाला माणूस उभा होता. त्याचा अर्धा खांदा फ्रेमखाली गेला होता. हातात ताट, ताटावर फडकं.

"आजोबा," सर म्हणाले. "लिंबाजी भिंगारदिवे. पिलग्रिम क्रॉसचे संस्थापक."

"फर्स्ट इंडियन नाइट!" खालून स्टूल धरून उभा असलेला पेसी कूपर म्हणाला.

 सरांनी रुमालाने फोटोची काच पुसली. डावीकडची जरा जास्त वेळ पुसली.

ही चौऱ्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. आमचं गाव छावणीचं. छावणीच्या टोकाला, घोड्यांच्या पागेमागे, फ्रीमेसन लोकांचा दगडी बंगला होता. गावातले लोक त्याला जादूघर म्हणत. आत कवटी आहे, नव्या माणसाला शवपेटीत झोपवतात, आणि फुटलात तर आपोआप रक्त ओकून मरता, अशी माहिती टांगेवाले सवारीला फुकट पुरवत. प्रत्यक्षात आत महिन्यातून एकदा तीसेक सभ्य माणसं कमरेला ॲप्रन बांधून जमत, इंग्रजीत पाठ केलेली वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवत आणि मग खाली येऊन मटण कटलेट खात. मी मेसन झालो तो कटलेटांमुळे. पेसी कूपर हा लॉजचा त्या वर्षीचा प्रमुख आणि गावातल्या एकमेव सोडा फॅक्टरीचा मालक. त्याने मला विचारलं होतं, "दिघे, तू देवाला मानते?" मी म्हटलं, अधूनमधून. "मग झाला," तो म्हणाला. मेसन लोकांना तुम्ही देव मानता की नाही एवढंच हवं असतं. कोणता, हे विचारायची त्यांच्यात पद्धत नाही.

अपवाद माडीवरच्या मागच्या खोलीचा. तिथे 'पिलग्रिम क्रॉस' नावाची वेगळी शाखा भरे आणि तिच्यात फक्त ख्रिस्ती मेसनला प्रवेश होता. साहेब गेले तेव्हा तिच्यात चाळीस नाइट होते. चौऱ्याऐंशी साली पाच उरले होते. त्यांतले प्रमुख म्हणजे शांतवन भिंगारदिवे, मिशन हायस्कुलातले गणिताचे निवृत्त शिक्षक, वय एकोणसत्तर. मला त्यांनी नववीला शिकवलं होतं. बीजगणितात माझी सगळी उत्तरं चुकली असताना त्यांनी मला शंभरात पस्तीस दिले होते. "उत्तरं गाढवपणाची आहेत," ते वर्गासमोर म्हणाले होते, "पण पोराने रीत दाखवलीय. गुण रीतीला असतात."

आता पुण्याहून पत्र आलं होतं. पश्चिम भागातल्या सगळ्या ख्रिस्ती शाखांवर देखरेख करणारे कुणी कर्नल रणभिसे होते. त्यांचं म्हणणं असं: इतर शाखा छापील पुस्तकाप्रमाणे विधी करतात. तुमच्याकडे विधीच्या शेवटी दारावर थाप पडते, बाहेरून ज्वारीची भाकरी येते आणि दार बंद होतं, असं ऐकतो. हे पुस्तकात नाही. ही प्रथा कुठून आली याचा पुरावा द्यावा. मी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, तुमच्या वार्षिक सभेला, स्वतः येत आहे. पुरावा समाधानकारक नसल्यास शाखा मार्चअखेर बंद करून सभासद पुण्याला जोडण्यात येतील.

"पुण्याला कोण जाणार?" सर म्हणाले. "मला एसटीत डॉक्टरांनी बसू दिलं पाहिजे ना. बाकीच्या चौघांत दोघांना मोतीबिंदू. बंद म्हणजे बंदच."

"आणि फोटो वगैरे?"

"सामान पुण्याला. पत्रात लिहिलंय." त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. "तू इतिहासाचा प्राध्यापक आहेस. तूच लिहून दे कुठून आली ते. जुनी इतिवृत्तं पेसीच्या कपाटात आहेत. इंग्रजी हस्ताक्षर आहे, माझ्या डोळ्यांना ते झेपत नाही. आमच्या घरात जे सांगत आले ते मला माहीत आहे, पण घरच्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत."

"घरात काय सांगतात, सर?"

"आधी तू शोध. मग ताळा बघू."

अशा रीतीने आठवडाभर मी पेसीच्या सोडा फॅक्टरीतल्या लोखंडी कपाटासमोर बसलो. मागे बाटल्या धुण्याचा खणखणाट, पुढे साहेब लोकांची नव्वद वर्षांची इतिवृत्तं. कसरीने फक्त शेवटच्या पानांना हात लावला होता. तिलाही सुरुवातीचा मजकूर कंटाळवाणा वाटला असावा. बावीस सालच्या एका पानावर कुणा मेजरने लिहिलं होतं, की बिनखमिराची ही जाड पोळी धर्मयुद्धांच्या काळात पॅलेस्टाइनमध्ये नाइट मंडळी खात, तिथूनच ही अतिप्राचीन प्रथा आपल्याकडे आली. हा मेजर हिंदुस्थानात एकवीस वर्षं राहिला होता. त्याच्या बंगल्यामागे नोकरांच्या चुलीवर रोज दोन्ही वेळा तीच जाड पोळी थापली जात होती. पण बंगल्यामागे जाण्याचा त्याला योग आला नसावा.

मग सत्त्याण्णवचं पान सापडलं. फेब्रुवारी, अठराशे सत्त्याण्णव.

मी ते तीनदा वाचलं, वही मिटली आणि पेसीकडे एक जिंजर मागितली.

"मिळाला?" पेसीने विचारलं.

"नाही."

"तुझा थोबाड सांगते मिळाला."

मी त्याला पान वाचून दाखवलं. पेसीने बाटलीची गोळी आत ढकलली आणि बराच वेळ फेस बघत बसला. "शांतवनला नको सांगू," तो म्हणाला. "तो माणूस फोटो पुसते रोज."

"पण मग कर्नलला काय देऊ?"

"तू प्रोफेसर हाय ने? काय तरी प्रोफेसरसारखा लिही."

मी प्रोफेसरसारखं लिहिलं. फुलस्केप नऊ पानं. पॅलेस्टाइनमधला वेढलेला किल्ला, आत उपाशी नाइट, खमीर संपलेलं, अन्न आणायला बाहेर गेलेला एक बंधू परत येऊन दार ठोठावतो, शत्रूच्या भीतीने दार पूर्ण उघडता येत नाही, तो फटीतून भाकर देतो आणि बाहेरच राहतो. लिहिताना मला स्वतःलाच गहिवरून आलं. तळटीपा बत्तीस होत्या. त्यांतल्या चार खऱ्या.

"फस्क्लास," पेसी म्हणाला. "पण तिकडे जवारी पिकते?"

"तळटीप एकोणीस."

"वाचली. त्याच्यात तर लिवलाय की पुढची तळटीप बघा."

इतिहासाच्या माणसाने असं करू नये हे मला कळत होतं. पण बीजगणितातले पस्तीस गुण माझ्या डोक्यावर होते, आणि सत्त्याण्णवचं पान सरांनी वाचावं असं मला वाटत नव्हतं. ती वही मी कपाटात सगळ्यात खाली, गॅसच्या बिलांखाली, ठेवून दिली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला कर्नल रणभिसे आले. आडनावावरून मी मिशांची अपेक्षा केली होती. निघाले एक बारीक, चष्मा लावलेले, हळू बोलणारे गृहस्थ. सैन्याच्या पशुवैद्यक खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य खेचरं तपासण्यात गेल्यामुळे माणूस भेटला की ते आधी त्याच्या दातांकडे बघत. माझ्या दातांबद्दल त्यांचं मत फारसं बरं झालेलं दिसलं नाही.

खालच्या दिवाणखान्यात पाच नाइट रांगेत बसले. आपल्या काळ्या कोटाला सरांनी इस्त्री करून आणली होती. पेसी प्रमुख या नात्याने कडेला बसला. मी उभं राहून वाचायला लागलो. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर किल्ल्याला वेढा पडला. कर्नल टिपणं घेत होते. चौथ्या पानावर उपाशी बंधू थाप मारणार, एवढ्यात सर म्हणाले, "थांब."

मी थांबलो.

"हे तू कुठून काढलंस?"

"तळटीपा आहेत, सर."

"तळटीपा मोजल्या मी. रीत कुठाय?" ते उठले. "तीन हजार मैलांवरचं उत्तर आणून चिकटवलंयस, मधली एक पायरी दाखवली नाहीस. पॅलेस्टाइनमधून भाकरी निघाली ती सातशे वर्षं कुठे होती? आगबोटीत?"

एक मोतीबिंदूवाले नाइट हसले. कर्नलांनी पेन खाली ठेवलं.

"सर, मी नंतर तुम्हांला..."

"नंतर नाही. सत्त्याण्णवचं काय सापडलं?"

मी पेसीकडे बघितलं. पेसी छताकडे बघत होता. छताला पंखा होता, तो बंद होता, तरी तो फिरत असल्यासारखा पेसी त्याच्याकडे बघत होता.

"माझे आजोबा स्वयंपाकी होते हे मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हां दोघांना?" सर म्हणाले. "दहा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या हातची भाकरी खाल्लीय मी."

"पण तुम्ही म्हणालात ना, फर्स्ट नाइट..." पेसी म्हणाला.

"ते तू म्हणालास, पेसी. वीस वर्षं म्हणतोयस. मी संस्थापक म्हणतो, भाकरीची प्रथा त्यांची म्हणून. नाइट म्हटलं का कधी?"

कुणाला आठवलं नाही. म्हटलं नव्हतं.

"वही आण," सर मला म्हणाले. आवाज नववी अ मधला होता. मी पेसीकडून चावी घेतली, सायकलवर फॅक्टरीत गेलो आणि गॅसच्या बिलांखालून वही काढून आणली.  मी पान उघडून कर्नलांच्या पुढ्यात ठेवलं.

कर्नलांनी चष्मा कपाळावर चढवला आणि इंग्रजीतला मजकूर सावकाश मराठीत सांगायला सुरुवात केली. खेचराच्या आजाराचा अहवाल सांगावा तसा.

"प्लेगमुळे बेकरी बंद. विधीला पाव नाही. सभा रद्द करावी असं दोघांचं मत पडलं. इतक्यात स्वयंपाकी लिंबाजी याने माडीच्या दारावर थाप मारली. त्याने ज्वारीची भाकरी करून आणली होती. ती बाजूच्या खिडकीतून द्यावी असं त्याला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला. तो म्हणाला, मीही बाप्तिस्मा झालेला माणूस आहे. ही भाकर प्रभूच्या नावाने खाणार असाल तर ती खिडकीतून जाणार नाही, दारातून जाईल." कर्नलांनी पान उलटलं. "तो सभासद नसल्याने आणि नेटिव्ह असल्याने त्याला आत घेणं शक्य नव्हतं. दार उघडण्यात आलं. त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून आपल्या भाषेत प्रार्थना केली. ती बरीच लांबली. आम्ही सर्व उभे राहिलो. मग त्याने ताट दिलं आणि दार लावण्यात आलं."

"हेच," सर म्हणाले. "घरी हेच सांगत. लांबली हे सुद्धा. वडील म्हणायचे, आजोबांनी मुद्दाम लांबवली."

"पुढे आहे," कर्नल म्हणाले.

"सर, पुढचं राहू द्या," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग कर्नलांना म्हणाले, "वाचा."

"ठराव पहिला. उद्धटपणाबद्दल स्वयंपाक्याला ताकीद देण्यात यावी. ठराव दुसरा. पुढील वर्षीही असंच करावं. दोन्ही ठराव एकमताने मंजूर."

सर खाली बसले. इस्त्रीच्या कोटाची बाही त्यांनी दोनदा सरळ केली. "ताकिदीचं घरी कधी बोलले नाहीत," ते म्हणाले.

बाहेर पागेतून घोडा फुरफुरला. पाचही नाइट आपापल्या बुटांकडे बघत होते. माझ्या हातात साडेपाच पानं उरली होती, ती कुठे ठेवावीत हे मला कळेना.

कर्नलांनी चष्मा खाली आणला. "हे छापील पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"नाही," सर म्हणाले.

"पुण्याला आम्ही स्लाइस ब्रेड वापरतो. मुंबईतही. त्याचं मूळ अजून कुणी विचारलेलं नाही." त्यांनी थोडा विचार केला. "प्रथा कुठून आली याचा पुरावा मी मागितला होता. पुरावा लेखी आहे, तारीख आहे, ठराव आहे. माझ्या अखत्यारीतल्या एकाही शाखेकडे एवढं नाही. बाकी सगळे पॅलेस्टाइनच सांगतात." इथे त्यांनी माझ्या कागदांकडे बघितलं, दातांकडे बघतात तसं. "शाखा चालू राहील, असा शेरा मी देतो."

"थँक्यू, कर्नलसाहेब," सर म्हणाले. आनंद व्हायला हवा होता तेवढा झालेला दिसला नाही.

"एक तांत्रिक बाब आहे," कर्नल म्हणाले. त्यांनी वही पुढे-मागे चाळली. "ठराव पहिला कुठे मागे घेतलेला दिसत नाही. म्हणजे ताकीद अजून लागू आहे."

"अरे, तो माणूस मरून साठ वरस झाला!" पेसी म्हणाला.

"असेल. कागदावर ती चालू आहे. आमच्या नियमांत ताकीद असलेल्या माणसाचा कुठल्याही बाबतीत विचार होत नाही." हे त्यांनी इतक्या कोरडेपणाने सांगितलं, की मला त्यांचा राग आला. साहेब गेले, पण त्यांचं दफ्तर आमच्या लोकांच्या अंगात शिरून बसलं, असं काहीसं मी मनात म्हटलं. त्या वयात मी अशी वाक्यं मनात म्हणत असे.

सर मात्र हळूहळू उठले. "मी ठराव मांडतो," ते म्हणाले. "ताकीद मागे घ्यावी."

"अनुमोदन?"

चार हात वर गेले. मोतीबिंदूवाल्यांचे दोन जरा उशिरा, पण गेले. कर्नलांनी सत्त्याण्णवच्या पानाच्या समासात दोन ओळी लिहून सही केली, तारीख घातली आणि शाईवर फुंकर मारली.

"आता हरकत नाही," ते म्हणाले. कशाला, ते म्हणाले नाहीत.

दुपारी कटलेट झाली. सरांच्या घरून त्यांच्या पत्नीने दर वर्षीप्रमाणे फडक्यात गुंडाळून भाकरी पाठवली, सोबत मीठ. चारला माडीवरचा विधी होता. थाप मारणारा माणूस शाखेबाहेरचा असावा अशी पद्धत, कारण लिंबाजी बाहेरचा होता, आता कळलं. वीस वर्षं ते काम पेसीकडे होतं.

"आज तू कर," तो म्हणाला. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत त्याने अंग टाकलं होतं. "माझा गुडघा बोलते."

"मी? मला काय येतं?"

"त्याच्यात काय हाय? तीन थाप. आतून विचारते, कोण हाय. तू बोलते, भाकर. दार उघडते, तू ताट देते, दार बंद. तू खाली येते. प्रार्थनाबिर्थना काय नाय, ती साहेब लोकांनी नंतर काढून टाकली. लांबते म्हणून."

मी ताट घेऊन माडीच्या दाराशी उभा राहिलो. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं, मधून तलवार म्यानात घातल्याचा आवाज. भाकरी अजून कोमट होती. फडक्यातून तिची ऊब ताटाला आणि ताटातून बोटांना लागत होती. माझ्या डावीकडे एक खिडकी होती. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. ताट आत द्यायला अगदी सोईची उंची होती तिची.

आतलं पुटपुटणं थांबलं. मी तीन थापा मारल्या.

"कोण आहे?" सरांचा आवाज.

"भाकर."

दार उघडलं. सर उंबऱ्याच्या आत उभे होते, पांढऱ्या झग्यात, आणि त्यांच्यामागे बाकीचे चौघे. कर्नल भिंतीशी ताठ उभे होते. मी ताट पुढे केलं. सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मागे वळून एकाच्या हातात दिलं. आता दार लागणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो.

दार लागलं नाही. सर माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या जरा डावीकडे. पस्तीस गुण दिल्यापासून आजपर्यंत त्या माणसाने मला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती.

"या," ते म्हणाले. "आत या."

मला आधी वाटलं मलाच म्हणतायत. मी पाऊल उचललंही. मग कर्नलांनी मान किंचित हलवली, खेचराला थांबवावं तशी, आणि मला कळलं. भिंतीला अंग चोरून मी बाजूला झालो. दारात एका माणसाला ताट घेऊन सहज जाता येईल एवढी जागा केली.

म्हाताऱ्या माणसाला उंबरा ओलांडायला लागतो तेवढा वेळ सरांनी दार धरून ठेवलं. प्रार्थना कुणीतरी म्हणत होतं, मराठीत. ती बरीच लांबली. मग दार नेहमीसारखं बंद झालं.

मी खाली आलो. पेसी खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

"आज वेळ लागला," तो डोळे न उघडता म्हणाला. "कोण आत गेला काय?"

"गेले," मी म्हटलं, आणि उरलेलं कटलेट घेतलं.